चिरगोठित भूमी : एका अदृश्य सीमेच्या आलेखनाचा इतिहास

जमिनीचे पहिले वर्गीकरण भूशास्त्रज्ञ करीत नाही. ते ती कसणारा करतो. गोदावरीच्या उत्तरेस, अंबड तालुक्यात, वडीगोद्रीच्या परिसरातील शेतकऱ्याच्या बोलण्यात काळी, भारी, हलकी, बरड, मुरमाड, चोपण, चिबड ही जमिनीची नावे सहज येतात. यांतील बहुतेक प्रत्येक नावामागे जमीन आणि पाणी यांच्या संबंधाचे एक निरीक्षण आहे : कोणती पाणी धरून ठेवते, कोणती ते लगेच सोडते, कोणती पाणी साचून बिघडली आहे. या नामावळीत गोठलेल्या जमिनीस मात्र नाव नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या रात्री दवबिंदू गोठले, तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी होते. तेथेही गोठते ते दव, जमीन नव्हे. आणि पहिल्या उन्हाबरोबर ते नाहीसेही होते.

असे असता हिमालयातील व लडाखमधील गोठलेल्या भूमीच्या नकाशांचा विचार मराठी संशोधनपत्रिकेत का करावा, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखकाचे उत्तर असे की, हा इतिहास जितका मोजमापाचा आहे तितकाच शब्दांचाही आहे. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही तिचा नकाशा काढताना तिला काय म्हणावयाचे, आणि तिच्याविषयी ‘आहे’ म्हणावयाचे की ‘असावी’ म्हणावयाचे, हे प्रश्न आरंभीच उभे राहतात. त्यांच्या उत्तरांतील गोंधळ नकाशांत उतरला आहे. आणि ते नकाशे पाहून रस्ते व धरणे बांधली जातात.

प्रथम व्याख्या. जी भूमी, मग ती माती असो, वाळू असो की अभंग खडक, सलग दोन वर्षे अथवा अधिक काळ शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखालील तापमानात राहते, तिला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्यावर उन्हाळ्यात वितळणारा व हिवाळ्यात पुन्हा गोठणारा एक थर असतो. त्याला येथे आपण ‘चल थर’ म्हणू. या व्याख्येत बर्फाचा उल्लेख नाही हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. कोरडा खडकही या संज्ञेस पात्र होतो. व्याख्येचा आधार तापमान आणि काळ एवढाच आहे.

ही व्याख्या सहजासहजी हाती लागलेली नाही. सायबेरियातील जमीन भर उन्हाळ्यातही काही हातांखाली दगडासारखी गोठलेली असते, हे वृत्त योहान ग्मेलिन याने १७३३ ते १७४३ या काळातील प्रवासानंतर युरोपात आणले, तेव्हा अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. जेथे अरण्ये वाढतात तेथे जमिनीखाली बर्फ कसा असेल, ही शंका लिओपोल्ड फॉन बुख याच्यासारख्या थोर भूशास्त्रज्ञानेही १८२५ मध्ये उपस्थित केली होती. शंकेचे निरसन झाले ते एका कोरड्या विहिरीमुळे. याकुत्स्क येथे रशियन-अमेरिकन कंपनीचा एक कर्मचारी फ्योदर शेर्गिन याने १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खणावयास घेतली. पाणी लागेना, जमीन गोठलेलीच लागत गेली. त्याने काम सोडून देण्याचे ठरविले, तेव्हा दर्यावर्दी व्रांगेल याने शास्त्रासाठी ते चालू ठेवण्याची त्यास गळ घातली. १८३७ मध्ये खोदकाम थांबले, तेव्हा खोली सुमारे ११६ मीटर झाली होती आणि तळ अजूनही गोठलेलाच होता. मराठवाड्यातील वाचकास कोरड्या विहिरीची कथा परकी वाटणार नाही. परंतु आपल्याकडील कोरड्या विहिरीने शास्त्रास असा पुरावा क्वचितच दिला असेल. १८४४ मध्ये मिडेनडोर्फ याने या विहिरीच्या भिंतींत निरनिराळ्या खोलींवर तापमापक बसविले. खाली जावे तसतसे तापमान हळूहळू वाढते, पण तळाशीही ते शून्याच्या खालीच आहे, असे त्यास आढळले. गोठलेल्या थरास तळ आहे आणि त्या तळाची खोली गणिताने काढता येते, ही कल्पना येथून रूढ झाली.

याच सुमारास कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर याने सायबेरियातील गोठलेल्या भूमीविषयीचे सर्व उपलब्ध वृत्तान्त एकत्र करून १८४२ च्या सुमारास एक ग्रंथ सिद्ध केला. त्यात या भूमीच्या दक्षिण सीमेची चर्चा व नकाशाही होता. ग्रंथ त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. त्याचे हस्तलिखित गीसेन येथे सापडून २००१ मध्ये प्रकाशित झाले. भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेते ते त्याच्या जर्मन शीर्षकातील विशेषण. त्याचा अर्थ होतो ‘अविनाशी’. पुढे १९२७ मध्ये मिखाईल सुमगिन याने रशियन भाषेत जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकात ‘शाश्वत’ या अर्थाचे विशेषण आले आणि तेच रूढ झाले. अमेरिकेत १९४२ मध्ये अलास्काचा सैनिकी रस्ता बांधताना ही जमीन अडथळा ठरली. सैन्यासाठी सायमन म्युलर याने रशियन वाङ्मयाचा सारसंग्रह १९४३ मध्ये केला व ‘पर्मनंट’ आणि ‘फ्रॉस्ट’ या दोन शब्दांचा सांधा जोडून पर्माफ्रॉस्ट हे नाव दिले. कर्क ब्रायन याने १९४६ मध्ये हा शब्द सदोष ठरवून लॅटिन-घटित असा दुसरा शब्द सुचविला. तो कोणी घेतला नाही. सदोष पण सोपा शब्द निर्दोष पण अवघड शब्दावर बहुधा मात करतो, हे मराठी परिभाषाकारांनाही अनुभवाने ठाऊक आहे.

आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत हा दोष नेमका सांगता येतो. ज्यास प्रागभाव नाही आणि ध्वंसही नाही ते नित्य. गोठलेली भूमी कोणत्या तरी शीत युगात उत्पन्न झाली आणि हवामान बदलल्यास ती नष्ट होते. म्हणून ‘नित्य’, ‘शाश्वत’, ‘अविनाशी’ ही लक्षणे तिच्या ठायी संभवतच नाहीत. दुसऱ्या पदातही दोष आहे. ‘फ्रॉस्ट’ म्हटले की बर्फ अभिप्रेत होतो, आणि कोरडा गोठलेला खडक लक्षणातून सुटतो, ही अव्याप्ती. रशियन शास्त्रज्ञांनी १९३० नंतर ‘शाश्वत’ या विशेषणावर आक्षेप घेतले व पुढे ‘बहुवार्षिक’ या अर्थाचा शब्द स्वीकारला; लोकव्यवहारात मात्र जुनाच टिकून आहे.

मराठीत काय म्हणावे? हिंदी ग्रंथांत ‘स्थायी तुषार’ असे पद आढळते. संस्कृतात तुषार म्हणजे हिम हे खरे. पण मराठीत तुषार म्हणजे पाण्याचे बारीक उडणारे थेंब, आणि जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यास तर ‘तुषार’ म्हणताच तुषार सिंचनाचे संच आठवतील. हे पद आपल्याकडे आणल्यास अर्थाचा अनर्थ होईल. ‘हिमभूमी’ म्हणावे तर वाचक वर पडलेले हिम समजेल; आणि येथे तर हिम वर असणे आवश्यक नाही, पुष्कळदा ते नसणेच गोठण्यास अनुकूल असते. मराठीतील ‘हीव’ हा ‘हिम’ शब्दाचाच तद्भव असून ‘हिवाळा’, ‘हिवताप’ यांत तो जिवंत आहे; रशियन भाषेत हिवाळ्यास ‘झिमा’ म्हणतात, तोही याच मूळ धातूच्या कुळातला. तथापि ‘हीव’ अंगात भरते, जमिनीत भरत नाही. आपण तूप थिजले म्हणतो, रक्त साकळले म्हणतो, पाणी गोठले म्हणतो. यांपैकी ‘गोठणे’ हेच क्रियापद घ्यावे लागते, जरी त्यातही पाण्याची अपेक्षा राहतेच. विशेषण मात्र ‘नित्य’ न घेता ‘चिर’ घ्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. चिर म्हणजे दीर्घकाळ, पण ज्यास अंत असू शकतो असा. ‘चिरशीत’ हा शब्द व्याख्येच्या अधिक जवळ जाईल, परंतु त्यातून गोठण्याचा भावच निघून जातो. म्हणून या लेखात ‘चिरगोठित भूमी’ हा शब्द योजिला आहे.

आता नकाशाकडे वळू. न दिसणाऱ्या गोष्टीस नकाशावर रेषा देण्याची युक्ती अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याची. १८१७ मध्ये त्याने समान वार्षिक तापमानाची स्थळे जोडून समताप रेषा काढल्या. त्यांच्याच आधारे १८८२ मध्ये हाइनरिख विल्ड याने रशियातील गोठलेल्या भूमीची सीमा उणे दोन अंशांच्या समताप रेषेलगत आखली. केवळ सात वर्षांनी, १८८९ मध्ये, याचेव्स्की याने तीवर आक्षेप घेतला : हवेचे तापमान आणि जमिनीचे तापमान एक नव्हे, हिमाचा थर, उतार, वनस्पती आणि ओल यांनी ते बदलते. पुढील शतकाच्या सर्व वादांचे मूळ या एका आक्षेपात आहे.

मैदानावर ही अडचण सोसता येते. पर्वतावर ती पदोपदी येते. तेथे सीमा अक्षांशावर नसून उंचीवर ठरते, आणि एकाच उंचीवर उत्तरेकडील उतार गोठलेला व दक्षिणेकडील न गोठलेला असू शकतो. म्हणून पर्वतीय नकाशास प्रथम उंचीचे अचूक ज्ञान लागते. ते ज्ञान ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने दिले, त्याची वाट आपल्या प्रदेशातूनच गेली. १८०२ मध्ये मद्रासजवळ आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मृत्यू पावला. काम पुढे उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेले. हुम्बोल्टच्याच शिफारशीने आलेले श्लागिन्ट्वाइट बंधू १८५४ मध्ये मुंबईस उतरले, दख्खन ओलांडून मद्रासेस गेले आणि नंतर हिमालय व त्यापलीकडील पर्वतांत उंची व हवामान यांची मोजमापे केली. बंधूंपैकी आडोल्फ १८५७ मध्ये काश्गर येथे मारला गेला. हिमरेषा हिमालयाच्या दक्षिण बाजूपेक्षा उत्तर, म्हणजे तिबेटी बाजूस अधिक उंचावर असते, या कोड्याची त्या काळात मोठी चर्चा होती. सर्वांचे डोळे पांढऱ्या रेषेकडे लागले होते. तिच्याखालच्या, हिम नसलेल्या पण गोठलेल्या जमिनीकडे फारसे कोणी पाहिले नाही. नकाशांवर हिमनद्यांस रंग मिळाला, त्या भूमीस मिळाला नाही.

जमिनीच्या आत उष्णता कशी उतरते, हे पद्धतशीर मोजण्याचे भारतातील एक महत्त्वाचे प्रकरण मात्र पुण्यातले आहे, आणि त्याचा या विषयाशी संबंध क्वचितच जोडला जातो. भारतीय हवामान खात्याने १९३२ मध्ये पुणे येथे कृषी-हवामान शाखा सुरू केली. तिचे प्रमुख डॉ. लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे शिष्य. रामदास व त्यांचे सहकारी यांनी पुण्याच्या काळ्या जमिनीतील तापमानांचा अभ्यास केला. दिवसाची उष्णतेची लाट जमिनीत उतरताना क्षीण होते व मागे पडते. हातभर खोलीच्या फार खाली ती जाणवत नाही. वर्षाची लाट मात्र दहापंधरा मीटरपर्यंत पोहोचते. पुण्यातील एका प्रयोगात काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरताच खालील तापमान बरेच उतरले. पृष्ठभागाच्या एका पातळ आवरणाने जमिनीचे तापमान बदलते, हेच तत्त्व लडाखच्या दगडगोट्यांस व हिमास लागू पडते. निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीस टेकून नसते, तर किंचित वर असते, हा रामदासांचा १९३२ मधील शोध आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यातूनही तोच धडा मिळतो : हवेच्या अंकावरून जमिनीचा अंक सरळ काढू नये. याचेव्स्कीने सायबेरियाविषयी जे म्हटले, ते पुण्याच्या शेतात मोजून दिसले.

पर्वतीय नकाशास नवी दिशा दिली ती स्वित्झर्लंडमध्ये विल्फ्रीड हेबर्ली याने, १९७३ च्या सुमारास. हिवाळ्याच्या अखेरीस जाड हिमाच्या थराखाली हवेचे चढउतार पोहोचत नाहीत. तेथील तापमान खालच्या जमिनीची साक्ष देते. लांब सळईने हे तापमान घ्यावे, आणि ते उणे तीन अंशांच्या खाली असल्यास चिरगोठित भूमी ‘बहुधा आहे’, उणे दोन व उणे तीन यांच्या दरम्यान ‘असू शकेल’, त्याहून अधिक असल्यास ‘बहुधा नाही’, असे समजावे. भाषाभ्यासकास येथे थांबावेसे वाटते. बेअर आणि विल्ड यांची रेषा ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये ओढलेली होती. हेबर्लीच्या नकाशात रेषेच्या जागी तीन पायऱ्या आल्या. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर नकाशा स्वार्थ सोडून विध्यर्थात बोलू लागला.

हिमालयात ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. लडाखमध्ये हिम पातळ पडते व वाऱ्याने उडते. जाड, स्थिर थर बहुतेक ठिकाणी मिळत नाही. म्हणून दुसरा साक्षीदार शोधावा लागला : दगडगोटे आणि बर्फ यांचे मिश्रण होऊन उतारावरून अतिमंद गतीने सरकणाऱ्या जिभा, ज्यांना आपण शिलाहिमनद्या म्हणू. त्या जेथे सक्रिय असतात तेथे खालची भूमी चिरगोठित असते, असे आल्प्समधील वेधांवरून दिसून आले. नेपाळच्या खुंबू भागात फुजी व हिगुची या जपानी संशोधकांनी प्रत्यक्ष भूतापमानावरून खालची मर्यादा ४९०० ते ५००० मीटर असल्याचे १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर हिमालयाच्या दक्षिण अंगाविषयी दीर्घकाळ फारच थोडी मोजमापे झाली. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने एकास एक कोटी प्रमाणाचा जो नकाशा काढला, त्यात हिमालय आहे. पण त्या प्रमाणावर एक अख्खी दरी रेघेच्या जाडीत मावते.

२०१२ मध्ये स्टेफान ग्रुबर याने सुमारे एक किलोमीटर सूक्ष्मतेचा जागतिक नकाशा तयार केला. त्याचा विशेष असा की, तो रंगांनी भूमी दाखवीत नाही, शक्यता दाखवितो : एका टोकास ‘जवळजवळ सर्वत्र’, दुसऱ्यास ‘केवळ अत्यंत अनुकूल जागी’. २०१५ मध्ये श्मिड व सहकाऱ्यांनी हिंदुकुश ते हिमालय या पट्ट्यातील सुमारे ४००० यादृच्छिक चौकोन उपग्रहचित्रांत तपासून ७०२ शिलाहिमनद्या नोंदविल्या आणि त्यांच्या साहाय्याने अशा नकाशांची परीक्षा केली. त्यांची खालची उंची प्रदेशपरत्वे ३५०० पासून ५५०० मीटरपर्यंत बदलत होती. २०१६ मध्ये कुलू जिल्ह्याविषयी असाच अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, त्या वेळी वास्को-द-गामा येथे राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०१८ पासून राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र झालेल्या गोव्यातील संस्थेने लाहौल-स्पितीत ‘हिमांश’ हे केंद्र उघडले. त्याचे मुख्य कार्य मात्र हिमनद्यांचे आहे. हे साहजिक आहे : हिमनदी दिसते. तरीही या पर्वतपट्ट्यातील जवळजवळ प्रत्येक देशात चिरगोठित भूमीचे क्षेत्र हिमनद्यांहून अधिक आहे, असे ग्रुबर व सहकाऱ्यांचा २०१७ चा समालोचनात्मक लेख सांगतो.

विध्यर्थातील वाक्य स्वार्थात वाचले तर काय होते, हे येथे पाहिले पाहिजे. जेथे रंग फिका आहे तेथे वाचणारा ‘नाही’ असे वाचतो. जेथे रंग गडद आहे तेथे तो ‘आहे, आणि राहील’ असे वाचतो. दुसरी चूक तर ‘शाश्वत’ या जुन्या विशेषणाचेच अपत्य आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंटी शिखराच्या उत्तर कड्यावरून सुमारे २ कोटी ७० लक्ष घनमीटर वस्तुमान निखळले. त्यात सुमारे चार पंचमांश खडक होता, उरलेला बर्फ. खालच्या दोन जलविद्युत प्रकल्पांची हानी झाली आणि दोनशेंहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. वातावरणातील उष्णतावाढ हेच याचे कारण असे अभ्यासकांनी ठामपणे म्हटलेले नाही, आणि ते योग्यच आहे; कारण कड्यातील खडकाचे तापमान त्यांना प्रतिमानांवरून अनुमानावे लागले. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये याहून स्पष्ट पुरावा मिळाला : साउथ ल्होनाक सरोवराच्या काठच्या गोठलेल्या हिमोढाचा सुमारे १ कोटी ४७ लक्ष घनमीटर भाग पाण्यात कोसळला, लाट उठली, बांध फुटला, आणि तीस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले. सरोवर धोक्याचे म्हणून आधीपासून ज्ञात होते. लक्ष पाण्याकडे होते. घात काठाने केला.

वडीगोद्रीचा गवंडी काळ्या जमिनीवर भिंत थेट उभारीत नाही. ती जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया शक्यतो मुरुमापर्यंत नेतात. गोठलेली जमीनही पाण्यामुळेच हलते, पण तिची रीत उलट आहे : तेथे पाया टिकवावयाचा तर जमीन वितळू द्यावयाची नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या गोलमुड-ल्हासा लोहमार्गाचा सुमारे ५५० किलोमीटर भाग अशा भूमीवरून जातो. तेथे भरावात सैल दगडांचे थर आणि उष्णता बाहेर काढणाऱ्या नळ्या घालून जमीन थंड राखली आहे. हे करण्यापूर्वी चिनी अभ्यासकांनी त्या मार्गालगत दशकानुदशके भूतापमाने मोजली होती.

आपल्या बाजूस अशी मोजणी अलीकडची आहे. लेहच्या वर, खारदुंग खिंडीच्या वाटेवर, साउथ पुल्लूजवळ सुमारे ४७०० मीटर उंचीवर गांगलास ओढ्याच्या पाणलोटात भारतीय व परदेशी अभ्यासकांनी हवा, हिम व जमीन यांच्यातील उष्णतेच्या देवघेवीची मोजमापे केली. २०१५ ते २०१७ मधील त्या नोंदी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. व्याख्येस सलग दोन वर्षे लागतात, म्हणजे एका जागेविषयी ‘आहे’ हे क्रियापद वापरण्यासाठी किमान दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे तापमापक तेथे, जमिनीत, राहावा लागतो. ग्रुबरच्या नकाशात हिमालयाच्या वाट्याला असे चौकोन सहस्रावधी आहेत. त्यांतील ज्यांवरून रस्ता जातो, किंवा ज्यांच्या खाली सरोवर वा वस्ती आहे, तेवढ्यांची यादी करणे हे एखाद्या भूगोल विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास उपलब्ध साधनांनी आजही करता येण्याजोगे काम आहे.